मालधक्क्याचा न्याय इंटरनेटलाही हवा



मालधक्क्यावर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, की व्यापारी बडा म्हणून त्याला गैरवाजवी झुकते माप देता येत नाही. तशी मनाई रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ७० मध्येच लिहिलेली आहे. टपालातही सारखे तिकीट लावलेली दोन पत्रे आली, तर पाठवणारा शेठजी की हमाल, हे सॉर्टर पाहत नाही.

इंटरनेट ही अशीच वाहतूक आहे. ग्राहकाने पैसे भरले की कंपनीने त्याला हवी ती माहिती सारख्या दराने आणि आडकाठी न करता पोचवावी. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आज आपला पास, रजेचा अर्ज मोबाइलवर आला आहे. ग्रामीण डाक सेवकाचे कामही नेटविना चालत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ शिकल्यासवरल्यांचा राहिलेला नाही.

२०१५ साली एअरटेलने योजना काढली, की जी कंपनी आम्हाला पैसे देईल तिची सेवा ग्राहकाला फुकट. आमच्या बंगळूरची फ्लिपकार्ट तीत सामील होणार होती. लोक खवळले तेव्हा एप्रिलमध्ये तिने अंग काढून घेतले. त्याच सुमारास दहा लाखांहून अधिक लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ईमेल धाडले. पुढे फेसबुकने गरिबांच्या नावाने ‘फ्री बेसिक्स’ पुढे केले. पास फुकट, पण उतरायचे आम्ही सांगू त्याच स्टेशनांवर, असा तो मामला होता. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने असे वेगवेगळे दर बंद केले आणि मोडणाऱ्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. २०१८ मध्ये वेग कमी करणे, वाट अडवणे यांवरील बंदी सरकारने परवान्याच्या अटींत घातली.

कंपन्या म्हणतात, मनोरे आम्ही उभारले, बड्या वेबसाइटवाल्यांनीही पैसे द्यावेत. पण प्रवाशाने तिकीट काढल्यावर तो ज्या गावी उतरणार तिथल्या दुकानदाराकडूनही भाडे घ्यायचे काय? अपघात मदत गाडीला आधी वाट द्यावी, हे आम्हालाही मान्य आहे. पैसे मोजले म्हणून कोणाला सिग्नल मिळता कामा नये.

आता खरी गोम अधिकाराची आहे. मे २०१६ मध्ये ट्रायचाच कॉल तुटल्यास भरपाई देण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. अमेरिकेत २०१५ ला केलेला समानतेचा नियम २०१७ ला काढला, २०२४ ला परत आणला. आणि २ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की आयोगाला तसा अधिकारच नाही. दहा वर्षांची लढाई एका निकालात गेली.

आपल्याकडे १८८५ च्या तार कायद्याच्या जागी संसदेने २०२३ साली दूरसंचार कायदा केला. त्यात नेट समानतेचे स्वतंत्र कलम घातले नाही. परिपत्रकाने मिळालेले परिपत्रकाने काढून घेतले जाते, हे कामगाराला शिकवायला नको. रेल्वेला कलम ७० आहे, तसे कलम इंटरनेटलाही हवे.

प्रत्येक शाखेने येत्या सभेत तसा ठराव करावा आणि आपल्या खासदाराच्या हाती द्यावा.