निदान आधी, दुरुस्ती नंतर

व्यापारी कुटुंबात मोटार आता हौसेची वस्तू राहिलेली नाही. वसुली, मालाची पाहणी, लग्नकार्य, दवाखाना हे सारे तिच्यावरच अवलंबून असते. गाडी मुळीच सुरू होत नसेल तर एक वेळ परवडते, कारण दोष समोर असतो. परंतु जी चालता चालता अवचित बंद पडते आणि मेकॅनिकच्या दारात नेताच निमूट चालू लागते, ती धन्याचा पैसा, वेळ आणि माणसांवरील विश्वास या तिन्हींची परीक्षा पाहते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबाला भर उन्हाळ्यात हा अनुभव आला. गाडी पेट्रोलची, दहा वर्षे वापरलेली. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, पत्नीची तपासणी आटोपून कोल्हापूरहून परतत होते. मुलगा गाडी चालवीत होता. अंकलीच्या पुलावर इंजिन एकाएकी थांबले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा लागू लागला आणि मागे मालाने भरलेला ट्रक. मुलाने गाडी कशीबशी कडेला घेतली. वीस मिनिटांनी ती जणू काही घडलेच नाही अशी सुरू झाली.

वीस वर्षांच्या परिचयाच्या मेकॅनिकने इंधनपंप दोषी ठरवून तो बदलला. साडेआठ हजार रुपये झाले. आठवड्याने गाडी पुन्हा थांबली. दुसऱ्याने थ्रॉटल बॉडीतील काजळी साफ केली. तिसऱ्याने इग्निशन कॉइल बदलली. खर्च सोळा हजारांवर गेला, दोष जागच्या जागी राहिला. जुन्या मेकॅनिकने फसविले, असे घरात उघड बोलले जाऊ लागले. अण्णांनी त्याच्याकडे जाणे थांबविले.

वस्तुतः तिघांपैकी कोणीही अप्रामाणिक नव्हता. तिन्ही कारणांनी गाडी बंद पडू शकते. मात्र प्रत्येकाची खूण निराळी असते. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली तर गाडी बहुधा सिग्नलपाशी, इंजिन मंद फिरत असताना थांबते. कॉइल निकामी होऊ लागली तर ती प्रथम धक्के देते. पंप कमजोर असेल तर चढावर किंवा वेग वाढविताना ओढ कमी होते. तिघांनीही गाडी पाहिली ती थंड आणि चालू स्थितीत. कुटुंबानेही त्यांना एवढेच सांगितले होते की, "गाडी मध्येच बंद पडते." अपुऱ्या माहितीवर प्रत्येकाने आपल्या अनुभवातील सर्वांत परिचित कारण निवडले.

पेढीचे हिशेब सांभाळणाऱ्या सूनबाईंनी मग एक वही घातली. तारीख, वेळ, किती मिनिटे चालल्यावर गाडी थांबली, वेग किती, टाकीत पेट्रोल किती, थांबण्यापूर्वी धक्का बसला का, इंजिनाचे फेरे दाखविणारा काटा काय करीत होता आणि किती वेळाने पुन्हा सुरू झाली, असे रकाने आखले. पाच नोंदींतच चित्र स्पष्ट झाले. सकाळी गाडी कधीच थांबत नव्हती. चाळीसएक मिनिटे उन्हात चालल्यावरच थांबे, धक्का न देता थांबे आणि गाडी धावत असतानाच काटा एकदम शून्यावर येई.

"अण्णा, ही वही जुन्या मेकॅनिकलाच दाखवू या," सूनबाई म्हणाल्या. अण्णा क्षणभर गप्प राहिले, मग निघाले.

मेकॅनिकने वही दोनदा वाचली. स्कॅनर जोडला, पण दोषाचा कोड आला नाही. मधूनच उद्भवणारा दोष पुष्कळदा कोड सोडत नाही. त्याने इंधनाचा दाब मोजणारे मापक लावले आणि स्कॅनर जोडूनच गाडी मिरजेच्या रस्त्याला काढली. ती थांबली तेव्हा दाब पुरेसा होता. मात्र स्टार्टर फिरवूनही स्कॅनरवर इंजिनाचे फेरे शून्यच दिसत होते. त्याने क्रँकशाफ्ट सेन्सरवर थंड पाणी ओतले. गाडी तत्काळ सुरू झाली. हा सेन्सर इंजिन कोठे व किती वेगाने फिरते हे संगणकाला कळवितो. तापल्यावर तो मुका होई आणि संगणक इंधन व ठिणगी दोन्ही रोखून धरी. नवा सेन्सर दोन हजारांच्या आत बसला.

यावरून काही व्यवहार पाळण्यासारखे आहेत. सुटा भाग बदलण्यापूर्वी "हे कोणत्या तपासणीवरून ठरले?" असे विचारावे. उत्तर तपासणीचे असेल तर होकार द्यावा. केवळ अंदाजाचे असेल तर थांबावे. एका वेळी एकच दुरुस्ती करावी, काढलेला भाग परत मागावा, बिल जपून ठेवावे. गाडी वाटेत बंद पडली तर धोक्याचे दिवे लावून डावीकडे यावे. ब्रेक वारंवार न दाबता एकदाच घट्ट दाबून धरावा, कारण त्याचे साहाय्यक बळ एक-दोन दाबांपुरतेच उरते. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागते.

निघताना मेकॅनिकने फडक्यात गुंडाळलेला जुना पंप पुढे केला. "हा चांगलाच होता अण्णा. मी मोजून पाहायला हवे होते." त्याने पंपाचे पैसे परत देऊ केले. अण्णांनी निम्मेच घेतले. "अर्धी चूक आमची," ते म्हणाले, "वही आधी आणायला हवी होती."

पंप त्यांनी गाडीच्या डिकीत ठेवला. पुढे कधी लागला तर तोच बसवायचा.