गेलेल्यांची वही

१९९६ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बँकेने माझी बदली हिंगोलीहून कोकणात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका शाखेत केली होती. एका दुपारी काउंटर बंद करायच्या वेळेला साठीचे एक गृहस्थ पत्नीसह आत आले. परदेशी चलन बदलून घ्यायचे असेल असे समजून मी त्यांना रत्नागिरीच्या शाखेचा पत्ता सांगू लागलो. ते हसले आणि म्हणाले, "पैशाचे काम नाही साहेब. मला माझा गाव पाहिजे."

ते मॉरिशसचे. निवृत्त शिक्षक. मराठी शाळेत शिकलेली, जपून एकेक शब्द टाकत बोलायचे. त्यांनी पाकिटातून एक कागद काढला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या आगमनाची जुनी रजिस्टरे सांभाळून ठेवली आहेत, त्यातला त्यांच्या पणजोबांच्या नोंदीचा तो उतारा होता. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचे नाव. जातीच्या रकान्यात नुसते 'मऱ्हाटा'. जिल्हा रत्नागिरी. तालुक्याचा रकाना कोरा. आणि गावाच्या रकान्यात इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले एक नाव. ते 'कोळंबे' वाचता येत होते, तसेच 'कोळंब'ही.

कोळंबे संगमेश्वर तालुक्यात, म्हणून ते आमच्याकडे आले होते. पण कोळंब नावाचे गाव मालवण तालुक्यातही आहे. आज मालवण सिंधुदुर्गात असले तरी तो जिल्हा १९८१ साली झाला. पणजोबा निघाले तेव्हा दोन्ही गावे रत्नागिरीचीच. दोहोंत शंभरावर किलोमीटरचे अंतर. आडनाव नव्हतेच. तिकडे बापाचे नाव पुढे आडनाव होऊन बसले.

मी त्यांना विचारले, घरात देवाला हाक कशी मारतात? बाई चटकन म्हणाल्या, "सासूबाई रवळनाथाचे नाव घ्यायच्या." शाखेतला शिपाई तिथलाच. तो म्हणाला, "मग मालवणकडे जा. रवळनाथ दक्षिणेकडचा." चार दिवसांनी त्यांचे पत्र आले. गावात मोठे आगतस्वागत झाले, तीन घरांनी आपापले नाते सांगितले, एका म्हातारीने ओटीत नारळ घातला. पण यातले आपले घर कोणते, हे काही ठरले नाही. त्या म्हातारीने त्यांना सांगितले होते की गेलेल्यांची नोंद इकडे कुणी ठेवलीच नाही.

ते वाक्य गेली जवळजवळ तीस वर्षे माझ्या मनात आहे.

मॉरिशसचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले 'अॅटलस' जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय करारावर त्या बेटावर उतरले. बिहारचे सर्वांत जास्त, मग मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यांतच आजच्या मॉरिशसमधल्या मराठी मंडळींचे पूर्वज. ज्या घाटावर ही माणसे उतरली त्याचे नाव 'कुली घाट' होते; आज तो 'आप्रवासी घाट' आहे आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पण ती रजिस्टरे कुणी प्रेमाने लिहिली असा समज करून घेऊ नये. पळून गेलेला मजूर ओळखता यावा म्हणून उंची आणि अंगावरची खूण. १८६०च्या दशकात फोटो घेण्याची पद्धत आली, तीही त्याचसाठी. १८६७च्या कायद्यानंतर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या ठरवून पकडत. म्हणजे ज्या कागदाने पणजोबांना बांधून घातले, तोच कागद पणतू आज जपून ठेवतो, कारण त्याच्या एका रकान्यात गावाचे नाव आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत 'ओव्हरसीज सिटिझनशिप' मिळण्याची वाट मोकळी होत असल्याचे त्यांनी जाहीर केले. सातव्या पिढीने पहिल्या पिढीशी नाते सिद्ध करायचे, तर कागद हवा.

हे आपल्यापुरतेच नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून लाखो शेतकरी आणि कारागीर अमेरिकेला गेले. त्यांचे वंशज आज आजोबांचे खेडे शोधत फिरतात. हॅम्बुर्ग बंदराने १८५० ते १९३४ या काळातल्या प्रवाशांच्या याद्या जपल्या, त्यांत माणूस कुठून आला तेही लिहिलेले असे. शेजारच्या ब्रेमेन बंदरातूनही तशीच गर्दी गेली, पण तिथल्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून नष्ट केल्या गेल्या आणि नंतरच्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आजोबा कोणत्या बंदरातून चढले, यावर नातवाला गाव सापडणे अवलंबून. मात्र एकदा खेड्याचे नाव कळले की पुढची वाट सोपी होते, कारण तिथल्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. दोरीची दोन्ही टोके लागतात: एक बंदरावर, दुसरे गावात.

आपल्याकडे गावातले टोक कुठे आहे? नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या आहेत. पण त्यांत तीर्थाला जाऊन आलेल्यांची नावे. ज्याला पोटासाठी परमुलखात जावे लागले, त्याच्या बापाला यात्रा कुठली परवडणार? तलाठ्याच्या दप्तरात जमीन असलेल्यांची नावे. बिनजमिनीचा माणूस त्यातूनही सुटतो.

आता आमच्या हिंगोलीकडे येतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सेनगाव, औंढा, कळमनुरीकडच्या वाड्या-तांड्यांवरून आजही ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे. काही परततात, काही तिकडेच राहतात. कुणी पुढे पुण्याच्या बांधकामावर, कुणी भिवंडीला. मॉरिशसलाही ऊसच होता. फरक इतकाच की तिथल्या कारकुनाने गाव लिहून घेतले. मुकादमाच्या डायरीत नाव असते आणि उचलीचा आकडा असतो. हिशेब मिटला की डायरी जाते.

ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकामार्फत नोंद करून त्यांना ओळखपत्र देण्याचे शासनाने २०२१ साली ठरवले. चांगलेच आहे. पण ओळखपत्र चालू हंगामासाठी, योजनेसाठी. ते शंभर वर्षे कुणी जपणार नाही.

यात मी स्वतःही दोषी आहे. हिंगोलीत असताना हजारो खाती मी उघडली. अंगठा उठवणारा माणूस पत्ता सांगताना आधी तांड्याचे नाव सांगे, तेही नाईकाच्या नावावरून पडलेले. फॉर्मवर पत्त्याची जागा एवढीशी. मागे रांग. मी महसुली गावाचे नाव लिहून मोकळा होई, आणि तेही आठवेना तर 'रा. हिंगोली'. त्यातली किती खाती पुढे बंद पडली! दहा वर्षे कुणी फिरकले नाही की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, २०१४पासून तसा नियम आहे. २०२३मध्ये अशा ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचे पोर्टलही निघाले. पैसा शोधण्याची सोय झाली. पण ज्याचा पैसा, तो कोणत्या तांड्यावरचा, हे मी लिहिलेच नव्हते.

शिवाय नावे बदलत राहतात. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा परभणी आहे, कारण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. माझ्या वडिलांचा जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली घेतला, आणि तो योग्यच होता; अपमान करणारे नाव कशासाठी मिरवायचे? पण जुने नाव एखाद्या वहीत नव्या नावाशेजारी लिहून ठेवले नाही, तर उद्या जुना कागद घेऊन आलेल्याला वाट कोण दाखवणार? २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले. दप्तरे होती, पण मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. त्या प्रश्नाच्या बाजू वेगवेगळ्या असतील. पण आजोबाचे नाव कुठे लिहिलेले आहे, याची किंमत त्या वर्षी घराघरात कळली.

काही मित्र म्हणतात, कशाला हव्यात आणखी नोंदी? सरकारला आपली माहिती आधीच कमी आहे का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. मॉरिशसच्या परवान्याची गोष्ट वर सांगितलीच. म्हणूनच ही वही ना पोलिसांची असावी, ना कारखान्याची, ना मुकादमाची. ती गावाची असावी. ज्याला नाव द्यायचे नाही त्याने देऊ नये. रकाने सहाच: नाव, आईबापाचे नाव, वाडी किंवा तांडा, त्याचे जुने नाव, निघाल्याचे साल, कुठे गेला. ग्रामपंचायतीने एक प्रत ठेवावी, शाळेने एक. शाळांमध्ये जनरल रजिस्टर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जाते, हा आपल्या खेड्यातला सर्वांत भरवशाचा कागद आहे; त्याच कपाटात ही वही राहू शकते.

आमच्या जिल्ह्याला शोधत येणारी माणसे नवीन नाहीत. हिंगोलीजवळचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे गाव. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांनंतरही पंजाबातले भाविक विचारत विचारत नरसीला येतात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा इकडची माणसे तिकडे गेली. नामदेवांचे गाव लोकांनी ध्यानात ठेवले, कारण ते नामदेव होते. साध्या माणसाचे गाव ध्यानात राहायला वहीच लागते.

माझे थोरले चुलते १९७२च्या दुष्काळात घर सोडून गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. कल्याणहून दोन पोस्टकार्डे आली, मग येणे थांबले. आजी शेवटपर्यंत पोस्टमनची वाट पाहत होती. त्यांनी तिकडे संसार केला असेल तर त्यांची नातवंडे आज कुठेतरी असतील, आणि त्यांच्याजवळच्या एखाद्या कागदावर 'जि. परभणी' असेल. ती मुले परभणीला उतरतील, तिथे आमच्या नावाचे गाव कुणाला ठाऊक नसेल, आणि ती परत जातील.

गेल्या पाडव्याला मी दोनशे पानी वही विकत घेतली आणि आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे दिली. पहिल्या पानावर चुलत्यांचे नाव लिहिले, आजी-आजोबांचे लिहिले, वाडीचे जुने आणि नवे नाव लिहिले, साल १९७२. शेवटच्या रकान्यात 'कल्याण' लिहून पुढे जागा सोडली आहे. दुपारपर्यंत आणखी अकरा घरांतली माणसे आपापली नावे सांगायला आली होती.