कारखाना, हंगाम आणि इराण

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादक गळीत ‘हंगामा’ची वाट पाहतो, ‘कारखान्या’ला ऊस देतो आणि बिलाच्या ‘हप्त्या’साठी खेटे घालतो. हे तिन्ही शब्द फारसी आहेत. साखर मात्र उलट दिशेने गेली. संस्कृतातील ‘शर्करा’ इराणात ‘शकर’ झाली. दोन समाजांमधील देवघेव कधीच एकतर्फी नव्हती, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

बहमनी व आदिलशाही अमलात फारसी मराठी दफ्तरात इतकी मुरली, की शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घ्यावा लागला. तरीही जमीन, बाजार, महसूल टिकलेच. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश देणारे माधव जूलियन पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. आणि त्यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहून परक्या शब्दांची छाननी आरंभिली. परिचय आणि स्वत्व यांचा हा ताळमेळ आजच्या व्यापारनीतीत मात्र दिसत नाही.

इराणी तेलाच्या किमतीचा काही भाग २०१२ पासून यूको बँकेत रुपयांच्या रूपाने जमा होऊ लागला. त्या रुपयांतून इराण येथील तांदूळ, चहा, औषधे आणि साखर घेत असे. डॉलरला वळसा घालणारी ही व्यवस्था साधी होती, पण तिचा प्राण तेलखरेदीत होता. मे २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांतील सवलत संपली आणि भारताने ती खरेदी थांबविली. २०१९-२० मध्ये साठलेल्या रुपयांच्या बळावर इराण आपल्या साखरेच्या मोठ्या ग्राहकांत राहिला खरा. पण भर थांबलेल्या रांजणातून पाणी किती दिवस काढणार? लवकरच ते खाते आटले आणि साखरेची वाटही.

सारा दोष वॉशिंग्टनच्या माथी मारून मात्र भागणार नाही. जून २०२२ पासून आपल्याच सरकारने साखर निर्यातीवर बंधने घातली. गृहिणीला साखर परवडावी, हा हेतू रास्तच आहे. परंतु त्याची किंमत कोणी मोजावी? साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. उसाचा रास्त व किफायतशीर दर २०१८-१९ मधील क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२४-२५ मध्ये ३४० रुपयांवर गेला, तरी विक्री दर जागचा हलला नाही. अशा वेळी निर्यातीचे दारही बंद झाले, की कारखाना कर्ज काढतो आणि उत्पादकाचा हप्ता लांबतो. तेहरान कितीही दूर असले, तरी तिथल्या बंद खात्याची झळ करवीर-शिरोळच्या शेतापर्यंत पोहोचते ती अशी.

चाबहार बंदरासाठी भारताने २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. पण बंदर म्हणजे व्यापार नव्हे. विकायचे असेल तर विकतही घ्यावे लागते, आणि गिऱ्हाईक टिकवायचे असेल तर पुरवठ्याचा शब्द पाळावा लागतो. निर्यातीचे धोरण हंगामाच्या आरंभीच, निदान तीन वर्षांसाठी जाहीर व्हावे. आणि तेलाखेरीज इराणकडून काय घेता येईल, याचा हिशेब मांडला जावा. शतकांची ओळख बाजारपेठ मिळवून देत नाही. ती फक्त दार ठोठावण्याचा हक्क देते; माल घेऊन जाणे आपल्यालाच भाग आहे.