जुन्या फटफटीचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा झाला म्हणजे गांव आधीं पाया पाहतो, नंतर गळकें छप्पर पाहतो, आणि कळसाच्या मुलाम्याचा विचार सर्वांत शेवटीं करतो. घरांतील जुन्या फटफटीच्या बाबतींत मात्र शहाणींसुरतीं माणसेंहि नेमका उलटा क्रम धरतांना आम्ही पाहतों. पहिल्या महिन्याचे पैसे रंगाला व क्रोमच्या चकाकीला जातात. दुसऱ्या महिन्यांत ब्रेक लागत नाहीं असें कळतें. आणि तिसऱ्या महिन्यांत ती बिचारी पुनः पडवींत पोत्याखालीं जाऊन उभी राहते. म्हणून या वेळीं, थोडक्या पैशांत हें काम कोणत्या क्रमानें करावें, याविषयीं चार शब्द लिहावयाचे योजिले आहेत.

लांज्याच्या आसपास ज्या जुन्या गाड्यांविषयीं आम्हांस विचारणा होते त्यांत जावा व येझदी या प्रमुख. फ्रांतिशेक यानेचेक या चेक कारखानदारानें 1929 सालीं वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलीचा धंदा विकत घेतला, आणि दोन्ही नांवांचीं आद्याक्षरें जोडून ‘जावा’ हा शब्द केला. व्याकरणांतील प्रत्याहाराची आठवण व्हावी असेंच हें नांव आहे! आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांतून 1961 पासून या गाड्या निघूं लागल्या. 1973 पासून त्यांवर ‘येझदी’ हें नांव आलें, आणि 1996 सालीं कारखाना बंद झाला. पुढें 2018 सालीं जावा व 2022 सालीं येझदी हीं नांवें नव्या गाड्यांवर परत आलीं खरीं. पण नव्या गाडीच्या इंजिनाचा भाग जुनीला बसत नाहीं. तेव्हां जुन्या गाडीची भिस्त शिल्लक सुट्या भागांवर, नव्यानें केलेल्या नकलांवर, आणि हुशार कारागिराच्या लेथवर आहे, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

पान्याला हात घालण्यापूर्वीं कागदपत्रांचें कपाट उघडावें. एकत्र कुटुंबांत गाडी बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नांवावर असते, आणि ते गेल्यावर नोंदणीपुस्तकाकडे कोणी पाहत नाहीं. मालक मृत्यु पावल्यास तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना 31 भरून वारसानें गाडी आपल्या नांवावर करून घ्यावी, असा नियम आहे. मुदत टळली असली तरी हें काम प्रथम उरकावें, व इतर वारसांची संमति लेखी घ्यावी. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. पुस्तकांतील इंजिनाचा व चासीचा क्रमांक गाडीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर रंगावर केलेला खर्च पाण्यांत गेला असें समजावें.

दुसरें काम जिवाच्या रक्षणाचें. ब्रेकचे लायनर, टायर, ट्यूब, केबली, चाकांचे बेअरिंग व साखळी यांवर पहिला पैसा खर्च करावा. गाडी न चालली तर घरीं राहील. पण घाटांत न थांबली तर माणूस घरीं येणार नाहीं. जुन्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या रबराला भेगा पडल्या असतील तर तो निरुपयोगी जाणावा.

तिसरें, पेट्रोलची टाकी. कोंकणांतील दमट हवेंत ती आंतून गंजते, आणि गंजाचा चुरा कार्ब्युरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजवितो. आतां पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें हवेंतील ओलावा शोषतें, आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्यानें फुगतात किंवा तडकतात. म्हणून नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या, बसवाव्या. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभी राहणार असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आंतून तेलाचा हात फिरवावा. खर्च जवळजवळ नाहीं. लाभ मात्र मोठा.

आतां इंजिन. अडीचशे सी. सी. जावाच्या सिलिंडरचा व्यास 65 मिलिमीटर असून हें दोन-स्ट्रोक इंजिन आहे. त्याचें वंगण पेट्रोलांतच मिसळावें लागतें. सुमारें पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरास चाळीस मिलिलिटर, हें परंपरागत प्रमाण. धूर फार येतो म्हणून लगेच सिलिंडर बोअर करावयास धांवूं नये. क्रँकचें ऑइलसील गेलें असतांहि गिअरचें तेल आंत ओढलें जाऊन पांढरा धूर येतो. गिअरपेटींतील तेल वारंवार कमी होत असेल, तर दोष तेथें आहे, आणि तो पुष्कळ स्वस्तांत निघतो. ताकद कमी वाटल्यास आधीं दोन्ही सायलेन्सर उघडून आंतील काजळी काढावी. एवढें करूनहि भागलें नाहीं, तरच सिलिंडर बांधून आंबा घाटानें कोल्हापुरास न्यावा. तेथील शिवाजी उद्यमनगरांत असलें काम करणारे लेथ व हात दोन्ही आहेत. बोअर करतांना पाव मिलिमीटरचीच पायरी चढावी. सिलिंडरच्या भिंतीस मर्यादा आहे, आणि एकदां खरवडलेलें लोखंड परत येत नाहीं.

सुधारणा म्हणून कांहीं करावयाचेंच असेल, तर तें विजेचें करावें. जुन्या गाडींत सहा व्होल्टची योजना असते. पस्तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर सुमारें सहा अँपिअर प्रवाह घेतो, तर बारा व्होल्टवर सुमारें तीन. तारेंत वायां जाणारी शक्ति प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती एकदम चतुर्थांशावर येते, व उजेड स्वच्छ पडतो. बारा व्होल्टची व इलेक्ट्रॉनिक ठिणगीची तयार जोडणी मिळते. पण ती परवडत नसेल, तर नवी तार, घांसून साफ केलेलें अर्थिंग, चांगला कंडेन्सर व नीट लावलेले पॉइंट एवढ्यानेंहि निम्में काम होतें.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांपेक्षां जुनी असून मूळ रूपांत आहे, त्यांच्यासाठीं 2021 सालीं केंद्र सरकारनें ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचें शुल्क 20,000 रुपये. पण अशी गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरास नेतां येत नाहीं. गाडी मिरवावयाची कीं वापरावयाची, हा निर्णय म्हणून आधीं झाला पाहिजे.

हा निर्णय कोणी करावा? आमच्या माहितींतील एका घरीं आजोबांच्या मागें दोघे बंधु याच गाडीवरून चार महिने एकमेकांशीं बोलत नव्हते. एकाच्या मतें ती विकून येणारे पैसे वांटावे. दुसऱ्याच्या मतें तें पाप. शेवटीं आजींनीं दोघांस समोर बसवून एवढेंच विचारलें, “गाडीला महिन्याकाठीं कोण किती देणार, आणि तिच्यावर बसणार कोण?” दोघेहि गप्प. उत्तर दिलें तें कॉलेजांत जाणाऱ्या नातीनें. तिनें वही घातली, ठरलेल्या रकमेपलीकडे पै खर्चावयाची नाहीं असा नियम केला, आणि पॉइंट लावण्याचें काम स्वतः शिकून घेतलें. गाडी दीड वर्षानें रस्त्यावर आली. बंधूंचें बोलणें मात्र पहिल्याच महिन्यांत सुरू झालें, कारण वहींत दोघांच्या नांवचे आंकडे शेजारीं शेजारीं पडूं लागले.

आमचें सांगणें इतकेंच, कीं वडिलांच्या वस्तूविषयींचें प्रेम खर्चाच्या वहींत दिसावें. ज्या घरीं ती वही लिहावयास कोणी तयार नसेल, त्या घरानें गाडी योग्य माणसाच्या हवालीं करावी. त्यांत वडिलांचा अपमान नाहीं. पडवींत गंजत ठेवण्यांत मात्र तो आहे.