लोणारच्या सूक्ष्मजीवांचा सातबारा

लोणारच्या विवरात उतरून काठाशी गेलं, की ओंजळभर पाण्यात चिमूटभर हळद टाकून पाहावी. पिवळी हळद बघता बघता कुंकवासारखी लाल होते. हात चोळले तर साबण लावल्यासारखे बुळबुळीत लागतात. पायाखाली पांढऱ्या खाराची खपली, खपलीखाली काळा गाळ, आणि गाळ ढवळला की सडक्या अंड्यांचा वास. पर्यटक नाक धरतात, फोटो काढतात आणि चढण चढायला लागतात. ज्या गाळाला ते नाक मुरडतात, त्याच्याच शोधात हैदराबाद-पुण्याचे शास्त्रज्ञ बाटल्या घेऊन इथे येतात.

उल्का आदळून बेसॉल्ट खडकात पडलेलं हे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर जगाला माहीत आहे. त्यातल्या पाण्याचा खारही जुनाच प्रसिद्ध. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त या भागाची नोंद केली, ती काच आणि साबण बनवण्याच्या मालासाठी. सोरा काढण्याचं कामही इथे चालायचं आणि त्यातून सरकारी खजिन्यात पैसा पडायचा.

युरोपात काच-साबणाचा माल पुरवण्याचं काम समुद्राच्या शेवाळाने केलं. स्कॉटलंड आणि फ्रान्सच्या थंड किनाऱ्यांवर शेवाळाचे ढीग जाळायचे आणि त्या राखेतला सोडा काच-साबणाच्या कारखान्यांना विकायचा, हा तिथला मोठा धंदा होता. १८११ साली बर्नार्ड कुर्त्वा नावाचा फ्रेंच माणूस सोऱ्यासाठी ही राख वापरत होता. एकदा तिच्यात गंधकाम्ल जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळ्या वाफा निघाल्या. ते आयोडीन. नऊ वर्षांत जिनिव्हाचा डॉक्टर क्वांदे गलगंडावर ते देऊ लागला. पुढे खरचटलेल्या गुडघ्यावर टिंक्चर लावून बोंब मारली नाही, असं पोर आपल्याकडेही विरळाच. साबणाच्या मालातून औषध निघालं, तेही चुकून.

लोणारलाही असं काही घडावं, ही आशा हवेतली नाही. २०२० च्या जूनमध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, हिरवट तळं अचानक गुलाबी झालं. कुणी देवीचा कोप म्हटलं, कुणी कोरोनाशी नातं जोडलं. वन विभागाने नमुने नागपूरच्या 'नीरी'कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले, आणि रंग 'हॅलोआर्किया' या मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे ते माजले आणि त्यांच्यातल्या गाजरासारख्या रंगद्रव्याने तळं रंगलं.

गंमत अशी, की त्याच दिवसांत घराघरात 'आरटी-पीसीआर' हा शब्द घोळत होता. ही चाचणी ज्या विकरावर उभी आहे, ते मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचं. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ मध्ये त्याचा नमुना घेतला, तेव्हा त्याचा उपयोग काय, हे कुणाच्या गावीही नव्हतं. १९९१ मध्ये एका औषध कंपनीने पीसीआरचे हक्क तीस कोटी डॉलरला घेतले. यलोस्टोनच्या वाट्याला त्यातला छदामही आला नाही.

लोणारच्या गाळातही असे चिवट जीव आहेत. त्यातल्या एकाचं नाव 'सेसेम्बिया लोणारेन्सिस'. यातलं 'सेसेम्बिया' हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेवरून आलं, आणि 'लोणारेन्सिस' आपल्या लोणारवरून. 'मिथिलोफागा लोणारेन्सिस' हा दुसरा. धुण्याच्या सोड्यासारख्या पाण्यात, पीएच १० च्या आसपास, या तळ्यातले जीव सुखाने नांदतात, कारण त्यांची विकरं तिथेही काम सोडत नाहीत. असल्या विकरांना कपडे धुण्याच्या पावडरीपासून औषधनिर्मितीपर्यंत गिऱ्हाईक आहे. म्हणजे अकबराच्या काळी साबणाला इथला खार लागायचा. आता इथल्या जंतूंचीही गरज पडू शकते.

इथे जरा सबुरी हवी. लोणारच्या गाळातून आलेलं औषध आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मारणारं द्रव्य माणसाला मानवेलच असं नाही; बहुतेक उमेदवार वाटेतच गळतात. तळ्याला हिरवा रंग देणारी स्पिरुलिना सर्व रोगांवर रामबाण म्हणून विकणाऱ्यांकडे तर पाठच फिरवावी.

पण औषध निघेल की नाही हे कळायच्या आधी गाळ शाबूत राहायला हवा. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्याचे फलक लागले. फलकाने पाणी खारं राहत नाही. वरून सांडपाणी आणि गोडं पाणी जास्त उतरलं, की खार पातळ होतो आणि खारातच जगणाऱ्यांचं बस्तान उठतं. वाघाच्या शिकारीची बातमी पहिल्या पानावर येते. जिवाणूची एखादी जात संपली तर पंचनामाही होत नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. नव्या जिवाणूला अधिकृत नाव द्यायचं, तर त्याचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. नियम चांगला आहे, पण त्यामुळे लोणारचा जीव देशाबाहेरही जातो. २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो, की अशा जिवांपासून नफा झाला तर स्थानिकांना वाटा द्या. त्यासाठीच गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद आहे. या नोंदवह्या भरताना डोळ्यांसमोर येतात झाडं, पक्षी, गुरांच्या जाती. डोळ्यांना न दिसणाऱ्यांसाठी लोणारच्या नोंदवहीत वेगळं पान उघडावं: कोणता जीव, कुणी नेला, कोणत्या साली, नमुना कुठे ठेवला. हैदराबाद-पुण्याच्या संस्थांनी ही माहिती शोधनिबंधांत छापलेलीच आहे. ती मराठीत उतरवून घ्यायला लोणारच्या एखाद्या विज्ञान शिक्षकाला उन्हाळ्याची एक सुट्टी पुरेल.