पायडल कोण मारणार?

केळापूर तालुक्यातल्या एका गावात महिला बचतगटाला डाळ भरडण्याचं पायडलचं यंत्र मिळालं. एका तरुण कार्यकर्त्याने ते जोरात चालवून दाखवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. तीन महिन्यांनी मी गेले, तेव्हा यंत्रावर गोधडी वाळत होती. ‘महिलांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा अहवालात पडला होता. मी बायकांनाच विचारलं. एक म्हणाली, “ताई, दिसभर कापूस येचून पाय भरून येते. मंग राती हे सायकल कोन हानीन?” दुसरी म्हणाली, “अन् साडी नेसून त्या दांड्यावरून पाय कसा टाकाव?”

गरज खरीच आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तूर घरची, पण ती अख्खी विकायची आणि डाळ दुकानातून महाग आणायची. घरी डाळ करायची तर भिजवणं, वाळवणं, जात्यावर भरडणं, पाखडणं सगळं बाईच्या अंगावर. विजेचा भरवसा नाही. म्हणून अंगबळावर चालणाऱ्या यंत्राची कल्पना मला पटते. विदर्भाला ती नवीनही नाही. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९३४ पासून हातसडीचा तांदूळ आणि घाणीचं तेल यांचा आग्रह धरला. नागपूरला प्रा. जे. पी. मोडक आणि सहकाऱ्यांनी १९७९ पासून विटांसाठी पायडलचं यंत्र घडवलं. मिनिटभर पायडल मारून जड चाकात वेग साठवायचा आणि मग तो काही सेकंदांत कामाला लावायचा, ही त्यातली युक्ती. पुढे कडबा कापायलाही ती वापरली गेली.

पण युक्ती कितीही चांगली असली तरी साठवायचं बळ कुणाच्या तरी पायातूनच येतं. निरोगी माणूस सलग काम करताना साधारण ७५ वॅट शक्ती देतो, म्हणजे एका अश्वशक्तीचा दहावा हिस्सा. आणि महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. आराखड्यात ‘मनुष्यबळ’ असा शब्द असतो. प्रत्यक्षात ती शेतातून थकून आलेली, कधी गरोदर, कधी पाळी चालू असलेली बाई असते. तिचं बळ फुकट धरलं जातं, कारण तिचे सगळेच श्रम फुकट धरले जातात.

विजेची चक्की आली तेव्हा जातं सुटलं म्हणून बाई हळहळली नाही. पण जात्यावर बाई होती आणि चक्कीचा मालक झाला पुरुष. घाम गाळायचा तोवर काम बायकांचं, पैसा येऊ लागला की पुरुषांचं, हे आपण किती वेळा पाहिलं!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. यंत्राचा आराखडा कागदावर असतानाच बायकांना विचारा. बैठक खाली ठेवा, मधला दांडा काढा, दोघींना मिळून चालवता येईल असं करा. चाचणी संध्याकाळी घ्या, शेतातून परतलेल्या बाईच्या पायांनी घ्या. किती किलो डाळ निघाली याबरोबर तिचा किती वेळ वाचला तेही मोजा. यंत्र गटाच्या नावावर असू द्या. आणि मोटर परवडत असेल, वीज असेल, तर बायकांनी पायडलच मारावं असा हट्ट धरू नका. स्वावलंबनाचा धडा दर वेळी बाईच्याच पायांनी का गिरवायचा?