अथेन्सच्या मातीतली सुट्टी
अथेन्सला उन्हाळ्यात शिकायला जायचे, तर अगोरात उत्खननाला जावे, असे मला मनापासून वाटते. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेल्या या जुन्या बाजारचौकात १९३१ पासून ‘अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज’ खणते आहे आणि दर उन्हाळ्यात देशोदेशीचे विद्यार्थी तिथे राबतात. ऊन चढायच्या आत काम सुरू होते. माती खरवडायची, खापर धुवायचे, कोणत्या थरात काय सापडले ते वहीत नोंदवायचे. नोंद चुकली तर ती वस्तू मुकी होते, कारण थर एकदा खणला की पुन्हा जोडता येत नाही. शिवाय इथली खापरे बोलतातही. ज्याला दहा वर्षे हद्दपार करायचे त्याचे नाव अथेन्सकर खापरावर कोरत आणि ६,००० मते पडली तर मतदान ग्राह्य धरत. सालामिसची लढाई जिंकून देणाऱ्या थेमिस्टोक्लीसवरही ही पाळी आली. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत त्याच्या नावाची जवळपास १९० खापरे निघाली, आणि अक्षर पाहिले तर ती मोजक्याच हातांनी कोरलेली! म्हणजे मते आधीच तयार करून वाटली जात असावीत. लोकशाहीचा हा धडा वर्गात कितीही रंगवून सांगितला, तरी खापर हातात घेऊन अक्षर ताडणाऱ्या विद्यार्थ्याला तो जसा कळेल तसा इतरांना कळणार नाही. म्हणून परदेशातला उन्हाळी अभ्यासक्रम निवडणाऱ्या मुलांनो, तिथे तुमच्या हाताला काय काम मिळणार, हे आधी विचारा.